खोळकाकांची गच्ची

आमच्या करमणूक केंद्रातला टीव्ही अकरा वर्षं बंद होता आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यावर खोळ होती. ती घातली होती केंद्राच्या रखवालदाराने. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही, देव जाणे. आम्ही सगळे त्याला खोळकाका म्हणतो. दिसेल त्या वस्तूला खोळ शिवायची, हा त्याचा धर्म. टेबल टेनिसच्या टेबलाला खोळ, बॅटींना खोळ, भिंतीवरच्या घड्याळाला खोळ. किती वाजले बघायचं तर आधी दोन बटणं काढावी लागायची. शिवणयंत्रालाही खोळ होती. शिवायला बसला की ती काढून तो शेजारच्या खुर्चीला घालायचा, तेवढा वेळ खुर्ची तरी जपली जावी म्हणून. मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, पण या माणसाच्या बाबतीत वाढवायला जागाच नाही.

एक नियम मात्र तो कसोशीने पाळायचा. पाहुणे आले की खोळ काढायची. पाहुण्यांसमोर झाकलेली वस्तू म्हणजे घराची अब्रू गेली. पाहुण्यांची पाठ फिरली की पुन्हा बटणं लावून मोकळा.

आता केंद्राचं दुखणं सांगतो. दिवस मावळला की वीज बंद, असा समितीचा कायदा. चेंडू दिसेनासा झाला की डाव मोडायचा. शेवटचे कित्येक सामने मी नुसत्या आवाजावर जिंकलेत. माझी नात विजेचं शिकते. खिशात कायम पक्कड, म्हणून तिचं नावच पक्कड पडलं. तिने आणि तिच्या वर्गातल्या पाच जणांनी बेत आखला, की गच्चीवर सोलर पॅनेल लावायची, खाली बॅटरी ठेवायची आणि संध्याकाळी सभागृहात दिवे लावायचे.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे मोठ्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं तर निवृत्त फौजदारही आपण होऊन बाकावर उभा राहतो. बाईंनी अट घातली. महिनाभर चालवून पाहा. शेवटच्या दिवशी अंधार पडल्यापासून आठ वाजेपर्यंत सभागृहाचे सगळे दिवे तुमच्याच विजेवर जळले तर पॅनेल राहतील. एक मिनिट जरी कमी पडलं, तर पॅनेल खाली, गच्चीवर पाण्याची टाकी, आणि हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही. पक्कड म्हणाली, जळतील. आमच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत. मी मोडतो, पण मला घरात कुणी धरत नाही.

पोरांनी आठ पॅनेल बसवली. गच्चीची एकुलती एक किल्ली खोळकाकांकडे. पक्कड हात पुसत त्यांना म्हणाली, "काका, आता हे तुमच्या ताब्यात. जिवापाड जपा."

झालं. तिथेच माशी शिंकली, पण तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

पहिल्या आठवड्यातच मीटरने रंग दाखवला. दिवसभर रणरणतं ऊन, आणि वीज बनायची ती जेमतेम अर्धा तास. पोरं धावत आली. खोळकाका म्हणाले, थांबा, वर जरा झाडून घेतो. दहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली. पोरं वर गेली, तर पॅनेल आरशासारखी लखलखीत आणि मीटर पळतंय. पोरं खाली उतरली, पाव तासात मीटर मेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तारा बदलल्या, जोड तपासले, एकाने तर वही भरून गणितं केली. निष्कर्ष एकच: कुणी बघत असलं की वीज बनते, पाठ फिरली की बंद.

शास्त्राने हात टेकले की लोक माझ्याकडे येतात. मी सांगितलं, यात नवल काय, सूर्याला कौतुकाची हौस आहे. माझ्या तरुणपणी एका उन्हाळ्यात आम्ही गावभर खिडक्या लावून बसलो होतो, तर कुणी बघत नाही म्हणून बिचारा दुपारी दोनलाच मावळला होता. पोरं हसली नाहीत, इतकी टेकीला आली होती. मग मीच वर जाऊन बसलो. खोळकाकांना आदल्या दिवशी रीतसर निरोप दिला, छत्री घेतली आणि दोन तास पॅनेलकडे प्रेमाने बघितलं. मीटर असं पळालं म्हणता! हे माझ्या व्यक्तिमत्त्वाचं तेज, असं मी चार ठिकाणी सांगून टाकलं. पुढे आठवडाभर गुडघ्यांनी माझ्याशी अबोला धरला, तेव्हा तो प्रयोग तिथेच थांबला.

महिना संपत आला. बॅटरी पाव भरलेली. पक्कडचं जेवणात लक्ष नव्हतं, माझ्या थापांना टोकायचंही तिने सोडून दिलं होतं. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

शेवटच्या दिवशी मोठ्या बाई संध्याकाळी यायच्या होत्या. आल्या भर दुपारी बारालाच. बेसावध पोरांची परीक्षा घ्यायची सवय जात नाही. खोळकाका शिवायला बसले होते, किल्ली गच्चीच्या दारालाच होती. बाई थेट वर. त्यांच्यामागे पक्कड, तिच्यामागे मी, माझ्यामागे धापा टाकत खोळकाका.

वर आठ खोळी होत्या. जाड निळं कापड, कडेला पांढरी किनार, प्रत्येकीला चार बटणं, आणि कोपऱ्यात रेशमी धाग्याने क्रमांक भरलेला. शिलाई अशी, की सुईनेही मान खाली घालावी.

मग बाईंनी चष्म्यावरून खोळकाकांकडे पाहिलं.

"एक ओरखडा दाखवा," खोळकाका अभिमानाने म्हणाले. "महिना झाला, नवीच्या नवी आहेत."

उन्हातून वीज निघते हे ठाऊक आहे का, असं बाईंनी विचारलं. खोळकाकांना ठाऊक होतं. म्हणून तर कुणी बघायला आलं की ते ऊन दाखवत होते. गाद्यांना नाही का, घटकाभर ऊन दाखवलं की वर्षभर पुरतं? दिवसभर कोण ठेवतं? रंग उडतो.

मला वाटलं, आता पोरगी कडाडणार. तिचे डोळे भरून आले होते, पक्कड मुठीत आवळलेली. पण तिने आधी खोळींकडे पाहिलं, मग काकांच्या सुईने टोचलेल्या बोटांकडे.

"काका, पाहुणा आला की खोळ काढता ना?"

"काढायलाच हवी."

"मग रोज सकाळी सूर्य येतो. त्याच्यासमोर कशी ठेवता?"

खोळकाका विचारात पडले. "रोज येतो म्हणजे घरचाच की तो. घरच्यांसमोर काय काढायची?"

"घरचा असता तर रात्री इथेच राहिला असता. संध्याकाळी जातो ना? म्हणजे पाहुणाच."

माणसाचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता. महिनाभर पाहुण्याच्या तोंडावर बटणं लावली होती त्यांनी. खोळकाका खाली बसले आणि एकेक बटण सोडू लागले. आठ पॅनेल, बत्तीस बटणं. बाईंनीही चार काढली.

दिवस मावळला तेव्हा बॅटरी निम्मी झाली होती. नुसत्या दिव्यांना पुरेल, पक्कडने हिशेब करून सांगितलं, पण बाकी कशाला घोटभरही मिळणार नाही. आणि बघायला लोटली सगळी वस्ती. आल्याआल्या कुणी पंखा लावला, कुणी मोबाइल चार्जिंगला लावला, कुणी पाण्याचं मशीन सुरू केलं. पोरं ओरडून थकली. सात वाजता दिवे पिवळे पडायला लागले.

तेवढ्यात खोळकाका आले. हातात दुपारी उतरवलेल्या निळ्या खोळी. एकेक वस्तू बंद करत पाण्याच्या मशीनला एक घातली, पंख्यांच्या बटणांवर एक, मोबाइल लावायच्या जागेवर एक. ओरडून न ऐकणारी माणसं खोळ बघून गप्प बसली. या केंद्रात खोळ घातलेल्या वस्तूला हात लावायची हिंमत कुणात नाही. टीव्हीने अकरा वर्षं तेच तर सिद्ध केलं होतं.

घड्याळाची खोळ मोठ्या बाईंनी स्वतः काढली आणि काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. आठला दिवे जळत होते. आठ वाजून चार मिनिटांनी विझले. मी बाहेर साडेनऊ सांगतो, पण खरे चारच.

अंधारात बाईंचा आवाज आला. टाकी दुसरीकडे बघू, म्हणाल्या, आणि पोरी, तुझा शब्द राहिला.

आता खोळकाका पहाटे गच्चीवर जातात, पाहुणा यायच्या आत खोळी काढून घडी घालून ठेवतात. तो गेला की पुन्हा घालतात. ढगाळ दिवशीही काढतात. पाहुण्याला उशीर झाला म्हणून आपण दार लावून घेत नाही, असं त्यांचं म्हणणं.