फक्त फॉन्ट नाही

खर्र... खट्ट. फ्लॉपी ड्राइव्हने घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि दुपारच्या चिडीचूप फ्लॅटमध्ये सुकन्या दचकली. मग पुन्हा शांतता. हातातल्या दुसऱ्या फ्लॉपीवर तिच्याच निळ्या अक्षरात लिहिलं होतं – ‘रेवतीचे बोल’. ते वाचता येत होतं. पडद्यावर मात्र तेच कालचं, परवाचं... डोक्यावर दोन ठिपके घेतलेला ओ, टोपी घातलेला ए, उलटं प्रश्नचिन्ह, पौंडाची खूण, ओळीच्या ओळी, परक्या मुंग्यांसारख्या. परिच्छेद जिथे सुटायचे तिथेच सुटलेले, स्वल्पविराम जागच्या जागी, अवतरणचिन्हंसुद्धा शाबूत – म्हणजे घर तसंच, दारं-खिडक्या तशाच, फक्त आत राहणारी माणसं कोणी तरी रातोरात बदलून टाकलेली.

“अगं, फाइल बिल्कुल ठीक आहे,” तिचा नवरा यतीन रविवारी म्हणाला होता, तिच्याकडे न बघता, नव्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीकडे कौतुकाने बघत. “बाइट न् बाइट आहे. फक्त फॉन्ट नाही.”

“फक्त?”

“मग काय! नेटवर मिळेल यार. कशाला टेन्शन घेतेस?”

“तो नेटवरचा नव्हता. विश्वासरावांचा होता.”

“तेच म्हणतोय मी. असल्या घरगुती जुगाडावर कोण लिहितं? माझ्या बघ, एकूण एक फाइल उघडली. इंग्लिशला काही म्हणजे काही होत नाही.”

खरंच नव्हतं झालं. सरकारी नोकरीत असतानाचे त्याचे रजेचे अर्ज उघडले होते, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमधल्या गळक्या टाकीबद्दलचं तिसरं स्मरणपत्र उघडलं होतं – ‘रिस्पेक्टेड सर’पासून खालच्या सहीच्या जागेपर्यंत, अक्षराला धक्का नाही. ती टाकी अमर झाली होती. आणि माझी मुलगी...

नाही, त्याने विचारलं नव्हतं असंही नाही. शनिवारी ऑफिसातून नव्या सिस्टिमची सीडी घेऊन आला तेव्हा बूट काढता काढता त्याने विचारलं होतं, “तुझं ते साहित्य बाहेर काढून ठेवलंस ना? सगळं पुसून नवं टाकणार आहे,” आणि तिने मोठ्या तोऱ्यात फ्लॉप्यांची डबी दाखवली होती – दोन-दोन प्रती, नावं घालून, रबर लावून. लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधावा तशी निगुतीने. तिला काय ठाऊक, की अक्षरं फाइलमध्ये नसतात! फाइलमध्ये नुसते आकडे असतात आणि अक्षरांचे साचे, तो फॉन्ट, वेगळाच कुठे तरी सिस्टिमच्या पोटात राहतो, आणि पोट साफ केलं की तो जातो. तिला वाटत होतं, लिहिलेलं लिहिलेल्यात असतं. ही काय चूक म्हणायची? पण दुसऱ्या कोणाची म्हणायची, तेही सापडत नव्हतं आणि म्हणूनच यतीनचा राग जास्त येत होता.

विश्वासराव लक्ष्मीबाई नगरात खालच्या मजल्यावर राहायचे. हिंदी विभागात अधिकारी. ऑफिसातल्या हिंदी फॉन्टमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीचं पत्रक काही धड निघेना, तेव्हा त्यांनी संध्याकाळी थांबून थांबून साच्यांची उलथापालथ केली, मराठीला लागणारं सगळं कुठे कुठे कोंबलं आणि आपल्या एकाच फ्लॉपीवरून घरोघरच्या यंत्रांत उतरवून वाटलं, प्रसादासारखं. “घ्या सुकन्याबाई, आता लिहा पोटभर,” म्हणाले होते. तिने पोटभर लिहिलं. मांडीवर रेवती, रेवतीच्या जावळावर हनुवटी, एका हाताने तिला धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचं – आज रेवती काय म्हणाली. वही ठेवली असती तर तिने फाडली असती, यंत्र बरं, यंत्र सुरक्षित... हेही यतीनच म्हणाला होता की आपणच? प्रिंटर मात्र ‘पुढच्या महिन्यात घेऊ’वरच राहिला.

तिने पुन्हा फोन ओढला. विश्वासरावांच्या बायकोचा, नीलाताईंचा, सोलापूरचा नंबर सकाळपासून लागत नव्हता. आता लागला.

“कोण? सुकन्या? अगं बाई, दिल्लीवाली! गाझियाबादेत फ्लॅट घेतलात म्हणे. लिफ्ट आहे ना गं?”

“आहे हो, नीलाताई. वीज असली की चालते.”

नीलाताई खळखळून हसल्या. ते हसू संपेपर्यंत थांबणं भाग होतं. मग तिने त्या फॉन्टबद्दल विचारलं.

“हे गेल्यावर तो कॉम्प्युटर देऊन टाकला गं मुलांनी. खोलीत जागा कुठे होती! फ्लॉप्या होत्या खोकंभर, त्यांना बुरशी आली होती...” आणि मग हळूच, “काही महत्त्वाचं होतं का?”

“नाही, नाही. असंच.”

असंच! तिने फोन ठेवला आणि स्वतःच्याच आवाजाची तिला किळस आली. सगळ्यांनाच ‘असंच’ म्हणून सांगत आले. शाळेच्या प्रवेशाला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, “घर पे आप लोग हिंदी-इंग्लिश बोलिए, बच्ची कन्फ्यूज हो रही है,” आणि यतीनने मान डोलावली, आणि मीही डोलावली. मनात म्हटलं, बोलू दे हिंदी, मराठी आपण लिहून ठेवलीय ना! महिन्याभरात आईची मम्मा झाली. ‘भुईमूग’, ‘ओसरी’, ‘पाखरू’ – एकेक शब्द तिच्या तोंडून गळून गेला, दुधाच्या दातासारखा, आणि आपण पडलेला दात नीट पुडीत बांधून ठेवल्याच्या समाधानात...

आठवत कसं नाही? तिने डोळे मिटले. गॅसवर दूध होतं, रेवती ओट्याखालच्या डब्यांशी बसली होती, काही तरी म्हणाली आणि आपण इतकं हसलो की दूध उतू गेलं. दुधाचा करपट वास आठवतो. हसताना बरगडीत भरलेली कळ आठवते. त्या बोलण्याचा चढ आठवतो, शेवटी वर जाणारा. शब्द नाही. शब्द तेवढा नाही. तो त्याच दुपारी टाइप केला होता, आणि टाइप केला म्हणून सोडून दिला होता. लिहून ठेवलं की विसरायला मोकळी. ही सोय होती, हे प्रेम नव्हतं... की होतं?

ती पुन्हा पडद्याकडे वळली. बाजारातला एक फॉन्ट लावून झाला होता. त्याने मुंग्या गेल्या आणि देवनागरी आली, पण अशी की बघवेना – वेलांट्या भलत्यांच्या डोक्यावर, काने लोंबकळत, आपल्याच ओळखीचे चेहरे आणि एकालाही वाचा नाही. त्यापेक्षा मुंग्या बऱ्या. तिने जुन्या फाइलवरून तो फॉन्ट काढला, खुर्ची ओढली आणि कालपासून मनात घोळत होतं ते सुरू केलं. दर नोंदीत एक झुबका परत परत येत होता. तीच चार-पाच चिन्हं, त्याच क्रमाने. ते नावच असणार. दुसरं काय येईल इतक्या वेळा? एका कोऱ्या फाइलमध्ये, बाजारातल्याच फॉन्टने, तिने त्या झुबक्याच्या जागी अक्षरं बसवली. रेवती. म्हणजे हा र, हा व, हा त. नावाच्या पाठीमागे जवळजवळ दर वेळी दुसरा एक झुबका. तोही कळला. म्हणाली. आणखी अक्षरं हाती आली, त्यांनी आणखी काही उघडलं... ‘आज’ आलं, ‘मग मी’ आलं, ‘खूप हसले’ आलं.

ओळीमागून ओळ उघडत होती, आणि उघडत होती ती सगळी तिची स्वतःची. आज रेवती म्हणाली. मग मी म्हणाले. मी खूप हसले. मला रडू आलं. आपली वाक्यं ओळखू येत होती, कारण ती दर वेळी सारखीच होती. अवतरणचिन्हांच्या आत, जिथे रेवती बोलत होती, तिथे मात्र अंदाज चालेना. दोन वर्षांच्या मुलीचे शब्द, तिनेच केलेले, अर्धेमुर्धे, कोणत्याही कोशात नसलेले – तिथे एखादा र, एखादा व, आणि मध्ये गिचमीड. इतकी वर्षं आपण जपलं ते हे. माझं हसणं. माझं रडणं.

बेल वाजली. स्कूलबस आली होती. रेवती वॉटरबॉटल फरपटत आत शिरली, बूट न काढताच खुर्चीच्या दांड्यावर चढली, आणि शाळेत नुकतीच ओळख झालेली अक्षरं बोट लावून वाचू लागली.

“रे... व... ती. मम्मा, ये तो मैं हूँ!”

“मराठीत बोल.”

“ही मी आहे. म्... हणा... ली.” बोट अवतरणचिन्हाशी येऊन थांबलं. “मग मी काय बोलली?”

सुकन्याने तोंड उघडलं. नाही आठवत, एवढेच दोन शब्द होते. पण ते जिभेवर यायच्या आत दुसरंच काही तरी आलं – सहज, सुबक, लय घेऊन, जसं वर्षानुवर्षं आतून येत आलं होतं – आणि ती ऐकत राहिली, आपलाच मऊ आवाज, “तू म्हणालीस, आई, वीज गेली की ती कोणाच्या घरी जाते? आणि तिथल्या मुलीला माझं नाव सांगते का?”

किती छान होतं ते. इतकं छान की अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ शंका, की त्या अवतरणचिन्हांच्या आतही आपणच... आत्तापर्यंत लिहिलेल्या सगळ्याच...

रेवती हसली नाही. तिने पडद्याजवळ तोंड नेलं. एका अवतरणचिन्हावर अंगठा ठेवला, दुसऱ्यावर तर्जनी. मधलं अंतर तिच्या चिमटीत मावत होतं.

“पण मम्मा, मी तर इतकंसंच बोलली,” ती म्हणाली. “बाकीचं कोण बोललं?”