टोकाचा तुकडा

"बटाटे त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात आहेत," एल्वा म्हणाली. "तीन आहेत, मीठ लावलेले. पण तू त्याला आठवण करून द्यायची नाही."

तिची मैत्रीण ग्लेनिस आपल्या जुन्या छोट्या ट्रकमध्ये पाण्याचे कॅन चढवत होती. ती तशीच थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे काही बोलायचं नाही. मी सोळाव्या किलोमीटरला आले की त्याला आपणहून आठवलं पाहिजे."

"अगं, बहात्तर वर्षांच्या नवऱ्याची परीक्षा घेतेस?"

"सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय, ग्लेनिस."

ग्लेनिसने हातातला कॅन खाली ठेवला. मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात विसरभोळ्यांच्या विभागात एक खोली रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती, आणि पुढची कधी रिकामी होईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. तिथली खोली रिकामी व्हायचा मार्ग एकच असतो.

"आणि आठवलं तर?" ग्लेनिसने विचारलं.

"तर नाही म्हणून कळवते. अजून वर्षभर मी निभावीन."

"आणि नाही आठवलं तर?"

एल्वा बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

क्लेम ट्रकमध्ये पुढच्या जागेवर पट्टा लावून, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. जत्रेला निघाल्यासारखा त्याचा चेहरा होता. एल्वाने खिडकीतून हात घालून त्याची कॉलर नीट केली.

"तू नाही येत?" त्याने विचारलं.

"मी पळत येते."

"वेडी आहेस का? गाडीत जागा आहे की."

ग्लेनिस खो खो हसली. एल्वाही हसली. या माणसाने नऊ वर्षं ही एकवीस किलोमीटरची शर्यत तिच्यासोबत सायकलवरून केली होती. पुढे राहून दर किलोमीटरला घड्याळ ओरडून सांगायचा आणि सोळाव्याला, जुन्या रेल्वे फाट्यावरच्या धान्याच्या कोठाराखाली, सायकल टेकवून खिशातून उकडलेले बटाटे काढायचा. बाकीचे पळणारे गोड गोळ्या चघळत, वड्या खात. त्यात काय काय असतं याची क्लेमला खात्री नसे. बटाटा तो स्वतः उकडत असे.

गावच्या हॉलसमोर सव्वाशे माणसं जमली होती. गवतावर दहिवर होतं. जिल्ह्यातले गव्हाचे शेतकरी, दोन नर्स, पाद्रीसाहेब, शाळेतली पोरं. गव्हावर जगणाऱ्या गावात गहू न खाणारी एल्वा एकटीच, म्हणून सगळे तिला ओळखत.

"एल्वा, यंदाही मागूनच राखण का?" शेजारच्या शेतावरचा रॉस गुडघे चोळत म्हणाला.

"तू पुढे हो. तू जिथे बसशील तिथून मी तुला उचलून घेईन."

"मागच्या वर्षी बसलो नव्हतो. दृश्य बघत होतो."

शिटी वाजली आणि सगळे निघाले.

एल्वा सावकाश पळत असे, पण थांबत नसे. पहिले पाच किलोमीटर गावाबाहेरचा सरळ रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना मोहरीसारखं कॅनोलाचं पीक फुलून पिवळं झालं होतं. त्याच्या पलीकडे गहू, हिरवा, गुडघाभर. गव्हाकडे तिने कधी रागाने पाहिलं नाही. तिचा बाप गहू पिकवायचा आणि नवरा गव्हाचा पाव भाजायचा. तिने गव्हाशिवाय दुसरं पाहिलं तरी काय होतं?

क्लेमची बेकरी त्याच्या वडिलांपासूनची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिल्या भट्टीतल्या पहिल्या पावाचं टोक कापलं, त्यावर लोणी लावलं आणि गरम गरम तिच्या हातात दिलं. नोस्कींच्या, म्हणजे क्लेमच्या घरात ते टोक बेकरणीचं, ते विकायचं नसतं. त्याची आई खायची, आता एल्वाने खायचं. ती पहिला घास घेईपर्यंत तो समोर उभा राहायचा. मग मान हलवून भट्टीकडे जायचा. सुटी आणि आजारपण सोडून तेहेतीस वर्षं हे चाललं.

त्या वर्षांत एल्वाला कधी बरं वाटलं नाही. पोट फुगायचं, केस गळायचे, दुपार झाली की भिंत धरून चालावं लागायचं. तीन वेळा दिवस राहिले आणि तीनही वेळा पोट रिकामं झालं. बायका म्हणायच्या, अंगात रक्त नाही तिच्या. क्लेम म्हणायचा, नीट खा, आणि दुसरा तुकडाही द्यायचा.

चौपन्नाव्या वर्षी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी कारण शोधून काढलं. गव्हातला जो चिकटपणा पावाला फुगवतो, त्याला ग्लूटेन म्हणतात, तोच तिच्या आतड्यांना खात होता. क्लेम शेजारी बसला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "आणि ती मुलं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खात्रीने सांगता येणार नाही. पण त्यामुळे असू शकतं."

दुसऱ्या दिवशी बेकरी उघडली नाही. चार दिवस तो घर घासत होता. लाकडी पाट, लाटणं, चाळण्या बाहेर काढल्या. शिडीवर चढून छताच्या फटींतलं पीठ दात घासायच्या ब्रशने काढलं. पाचव्या दिवशी बापाच्या काळापासून रोज पीठ घालून जिवंत ठेवलेलं पावाचं आंबवण त्याने शेडमागे खड्डा खणून पुरलं आणि वर फावड्याने माती चोपली. एल्वा खिडकीतून बघत होती. आत आला तेव्हा तो म्हणाला, "रात्री बटाटे करूया."

सहा महिन्यांत तिच्या पायांत जोर आला. पायांत जोर असणं म्हणजे काय, हे तिला त्या वयात पहिल्यांदा कळलं. आधी ती कोठारापर्यंत चालत जाऊ लागली, मग पळत. क्लेम मागून सायकलवर येई.

दहावा किलोमीटर गेला. बाराव्याला रॉस कुंपणाच्या खांबाला टेकून उभा होता.

"दृश्य बघतोयस?" एल्वाने विचारलं.

"फार सुंदर आहे," तो धापा टाकत म्हणाला. "तू हो पुढे. म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग."

विसरणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार. बेकरीच्या जागी आता टायरचं दुकान आहे. एका दुपारी क्लेम तिथे जाऊन दुकानदाराला रागावला की भट्टी थंड कशी. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "चुकलं, क्लेम, लगेच पेटवतो," आणि एल्वाला फोन केला. गेल्या आठवड्यात गॅस तसाच चालू राहिला होता. पण बटाटे तो विसरला नव्हता. परवाच तिला विचारत होता, मीठ घातलंस का? या एका गोष्टीवर एल्वाने सगळा भार टाकला होता. पोटात काही जात नाही तोवर शेवटचे पाच किलोमीटर अवघड जातात, हे त्याला तिच्याआधी कळलेलं होतं. ते जर त्याच्यात शिल्लक असेल, तर तो माणूस अजून घरातला होता.

लांबून कोठार दिसू लागलं. त्याखाली टेबल, पाण्याचे पेले, आणि सॉसेज भाजणाऱ्यांचा धूर. ग्लेनिसचा लाल स्वेटर दिसला. मग क्लेम दिसला. तो रस्त्याच्या मध्ये येऊन उभा होता आणि त्याचा हात पुढे होता. त्या हातात काहीतरी होतं. एल्वा जोरात पळू लागली.

जवळ गेल्यावर तिला दिसलं.

सॉसेजसाठी आणलेल्या पावाच्या पाकिटातला टोकाचा तुकडा होता तो. टोक कुणी घेत नाही, ते पाकिटात तळाला राहतं. त्यावर क्लेमने जाडसर लोणी लावलं होतं, कडेपर्यंत, कुठेही न चुकवता.

"घे, एल," तो म्हणाला. "पहिल्या भट्टीचं."

त्याचा चेहरा कित्येक वर्षांत असा उजळला नव्हता. ग्लेनिस मागे तोंडावर हात ठेवून उभी होती. ती पुढे आली, "क्लेम, अरे, तिला ते..."

"ग्लेनिस," एल्वा म्हणाली. एवढंच.

नाही म्हणणं सोपं होतं. मी हे खात नाही, क्लेम. मग तो विचारणार, का? आणि तिला सांगावं लागणार. आज, या रस्त्यावर, त्याला ते सगळं पहिल्यांदाच कळणार. तो पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोरच्या त्या खुर्चीत बसणार आणि पुन्हा विचारणार, आणि ती मुलं?

तिने तुकडा घेतला. क्लेम हलला नाही. समोर उभा राहून वाट बघत राहिला.

एल्वाने एक घास घेतला.

क्लेमने मान हलवली. मग हात पँटला पुसून तो धूर येत होता तिकडे, भट्टीकडे जावं तसा, निघून गेला.

कोठाराचं वळण ओलांडून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तिने घास गवतात थुंकला. कमरेच्या बाटलीतल्या पाण्याने तीन वेळा चूळ भरली. तरी जिभेवर चव राहिलीच. दहा वर्षांनी. आणि तो त्याचा पावही नव्हता, दुकानातला होता, मऊ आणि बेचव, आणि तरी तिला रडू आलं इतका चांगला लागला. उरलेला तुकडा फेकता येईना. तो मुठीत धरून ती पुढे पळाली.

शेवटचे पाच किलोमीटर तिने रिकाम्या पोटी काढले. अठराव्याला पाय जड झाले, विसाव्याला डोळ्यांपुढे पिवळं आणि हिरवं एक होऊ लागलं. रॉस मागून आला आणि तिच्या शेजारी चालीला चाल मिळवून राहिला. हॉलसमोरची रेघ त्यांनी बरोबरच ओलांडली.

ग्लेनिसने क्लेमला ट्रकमधून आणलं होतं. तिघं हॉलच्या पायरीवर बसली. क्लेमने खिशात हात घातला आणि बटाटे बाहेर काढून उन्हात धरले.

"हे कुणाचे?" त्याने विचारलं.

"आपले," एल्वा म्हणाली.

त्याने एक बटाटा मोडून मोठा अर्धा तिला दिला आणि छोटा स्वतः खाल्ला. "मीठ बरोबर आहे," तो म्हणाला.

एल्वाने घास गिळला. मग समोर बघत विचारलं, "ग्लेनिस, सोमवारी हो सांगायला जाताना गाडी तू चालवशील का? मला जमेल असं वाटत नाही."

"चालवीन गं," ग्लेनिस म्हणाली.

एल्वाची दुसरी मूठ अजून बंद होती. क्लेमचं तिकडे लक्ष गेलं. त्याने एकेक करून तिची बोटं उघडली. पावाचा चुरा झाला होता, लोणी घामात मिसळलं होतं. मोठा गोळा त्याने उचलून बाजूला ठेवला. मग हाताच्या कडेने, भट्टीपुढचा ओटा झाडावा तसा, तो तिचा तळवा झाडू लागला. एकही कण राहू नये म्हणून बोटांच्या मधल्या जागांपर्यंत.