दगडी छताखाली

आमचे मालक म्हणजे लातूरचे केमिस्ट्रीचे माधवराव सर. ह्यांनी नुसतं खाकरलं तरी क्लासमधली पाचशे पोरं चिडीचूप होतात. आणि हाच माणूस कोकणातल्या समुद्रकिल्ल्याच्या दारात पाय रोवून उभा.

"मी बाहेरच थांबतो. आत हवा न्हाई," म्हणाले.

हवा कसली डोंबलाची? त्र्याण्णवच्या भूकंपात गावाकडचं दगडामातीचं घर बसलं. हे पळत बाहेर आले, धाकटी बहीण तारामती आत राहिली. तेव्हापासून दगडी छताखाली हे पाऊल ठेवत न्हाईत. ऐपत असून आमचं घर पत्र्याचं. पण कारण कुणाला सांगायचं न्हाई, पोटच्या पोरीलासुद्धा. आत्या भूकंपात गेली, एवढंच तिला ठाऊक.

पोरगी मनस्विनी ह्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात नोकरीला. मेडिकलला नंबर लागत असताना तिनं इतिहास घेतला, म्हणून ह्यांनी वर्षभर अबोला धरलेला. आज तिनं मांडलेलं पहिलं दालन उघडणार होतं. ती आम्हाला घ्यायला दारात आली, ह्यांचा पवित्रा बघितला आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"राहू दे आई. बाबांना अजून पटलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पोरीला काय वाटायलंय, दिसतं का तुम्हाला? मुकाट चला." दंडाला धरून ओढलंच मी.

आत मनस्विनी झोकात सांगत होती, गलबतं, नांगर, तोफा. हे मात्र छताकडंच बघत राहिलेले. तेवढ्यात भरतीची लाट तटावर आदळली. पायाखाली हादरा बसला, कपाटांच्या काचा खणखणल्या. ह्यांनी पोरीचं मनगट धरलं आणि पाहुण्यांना ढकलत थेट बाहेरच्या चौकात. मीही मागनं पळाले. खोटं कशाला बोलू, मी पण लातूरचीच हाय.

बाकीचे लोक आतूनच आमच्याकडं टकामका बघत होते.

"बाबा, लाट होती ती," मनस्विनी धापा टाकत म्हणाली.

"असंल." हे म्हणाले. "तारामतीला मी आतच सोडून आलतो."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी 'व्हय' म्हणून मान हलवली.

"अजून चार खोल्या दाखवायच्यात," मग ती हळूच म्हणाली. "भरती काय लगेच ओसरत नाही. दर लाटेला पळायचं का?"

"पळू की," हे म्हणाले, आणि तिचं मनगट न सोडता परत आत शिरले.