काचेपलीकडचं बोलणं

हेमाला माणसं मनातल्या मनात जोखायची खोड होती. बहरीनमधल्या माहूज भागातल्या त्या इमारतीत कोण किती पाण्यात आहे, हे ती दारापुढच्या चपलांवरून सांगे. फक्त घरकामाला येणाऱ्या रंभाचं माप आठवडाभर लागत नव्हतं. हेमाने आंघोळीआधी काढून ठेवलेली हिऱ्याची अंगठी गायब झाली, तेव्हा घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. हेमाने गोड बोलून तिच्याकडची घराची किल्ली काढून घेतली होती. आता शनिवारी तिचा व्हिसा कॅन्सल करायला देऊन तिला परत गावी धाडायचं की नाही, तेवढं ठरायचं होतं.

शुक्रवारी दुपारी तिच्या नवऱ्याच्या, शिरीषच्या ऑफिसातला हुसेन इराणी सिनेमाची कॅसेट घेऊन आला. हा बहरीनचाच, पण घरात फारसी बोलणारा. सिनेमा चालू असताना हिंदीत सांगत जायचा. गोष्ट मोलकरणीची आणि हरवलेल्या अंगठीची, असं त्याने सांगताच हेमाने स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"रंभा, ये गं, तूही बघ."

"भांडी पडलीत, वहिनी."

"पडू देत. बस खुर्चीवर."

रंभा खुर्चीला टेकून खालीच बसली. हेमाने मात्र अशी जागा धरली, की टीव्ही तिरका दिसावा आणि रंभाचा चेहरा सरळ.

"सिनेमा तिकडे लागलाय," शिरीष हळूच म्हणाला.

पण थोड्या वेळाने हेमाची मान टीव्हीकडे वळली ती वळलीच. पडद्यावर घडत तर काहीच नव्हतं. मालकीण चहा पीत होती, पोरगी गालिचा झटकत होती. तरी श्वास घ्यायची चोरी! शेवटी मालकिणीने पोरीला अंगणात नेलं. कॅमेरा घरातच राहिला, बंद काचेमागे. पोरीचे ओठ हलले. मालकीण मटकन पायरीवर बसली. सिनेमा खलास.

"क्या बोली वो?" हेमा जवळजवळ ओरडलीच.

"आवाज किधर है, भाभी? काच बंद है."

"म्हणजे चोरली की नाही?"

"सोफ्याच्या फटीत पडली असणार," शिरीष म्हणाला. "गरिबावर आळ घ्यायला काय लागतं!" सोफ्यावर लोळून गरिबांची बाजू घेणं त्याला छान जमे.

रंभा अजून पडद्याकडेच बघत होती. "घेतलीही असेल तिनं," ती म्हणाली.

हेमाच्या मनातल्या तराजूचा काटा जागच्या जागी थरथरत राहिला. चोर असं बोलेल? आणि साव तरी? सिनेमाने एक अख्खं माणूस इतक्या जवळून दाखवलं, आणि तरी मुठीत काही येऊ दिलं नाही! पहिल्यांदा विमानातून हे बेट खाली दिसलं होतं, तेव्हा ती अशीच नुसती बघत राहिली होती. आपण किती वरून बघतोय, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी रंभा नईम वस्तीतल्या आपल्या घरी जायला निघाली. हेमाने दारात किल्ली पुढे केली.

"अंगठी गावली, वहिनी?"

"नाही."

रंभाने किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

"उद्या भाकरी का पोळ्या?"

"भाकरी," हेमा म्हणाली.