साधी सरकी

मी नीलम. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत कापसाची वंशावळ जुळवते. पुढची चूक माझी आहे, आधीच सांगून टाकते. मग कोणी म्हणायला नको.

बार्शीटाकळीजवळच्या गोदाबाई शेताच्या धुऱ्यालगत दोन तासं, दोनच ओळी, गावरानी कापूस लावायच्या. बी त्यांच्या आईचं, माणिकबाईचं. दुसऱ्या कोणाकडे ते नव्हतं. वाण वेगळं ठरलं तर आईच्या नावाने नोंदवायचं, एवढीच त्यांची हाव. "मायचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, कापसाले त लागू दे," म्हणाल्या. मी पानं खुडून आणली.

मशीन डीएनएचा अख्खा धागा वाचत नाही. दीडदीडशे अक्षरांचे लाखो तुकडे हातात देते. आधी वाचलेल्या एका कापसाच्या नमुन्यावर ठेवून ते जुळवायचे, फाटलेली पोथी दुसऱ्या प्रतीवरून लावतात तसे. मी जुळवले, वंशवृक्ष काढला. गोदाबाईंचा कापूस नमुन्याला खेटून बसला. माझे मार्गदर्शक किशोर सर म्हणाले, "एकदा तपासून घे." मी म्हटलं, काय तपासायचं, दिसून राहिलं ना! आणि मे महिन्यात गोदाबाईंना फोन लावला. "मावशी, वेगळं काही नाही. साधी सरकी आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये प्रबंधासाठी तीच माहिती पुन्हा उघडली, तेव्हा चूक दिसली. जिथे हा कापूस वेगळा होता, तिथले तुकडे नमुन्यावर बसलेच नव्हते. त्या मोकळ्या जागी प्रोग्रामने नमुन्याचीच अक्षरं भरून टाकली होती. तो पर्याय मीच चालू ठेवलेला. अगं माय! नमुना बाजूला सारला आणि तुकड्याला तुकडा जोडत सगळं नव्याने बांधलं. आठ दिवस गेले. आता गोदाबाईंचा कापूस वेगळ्या फांदीवर होता, बाकीच्यांपासून लांब.

एस.टी. पकडून गेले. गोदाबाई गोठ्यात होत्या.

"मावशी, चुकलं माझं. तुमचा कापूस वेगळाच आहे. बी द्या, माणिकबाईंच्या नावाने अर्ज करू."

त्या म्हणाल्या, "बी कुठचं, बाई? तू सरकी म्हणाली ना."

आमच्याकडे पेरतात ते बियाणं. सरकी ढोरं खातात. माझ्यासारख्या कापूसवाल्याच्या लेकीला हे कोणी शिकवावं लागतं का?

"म्हशीले चारली, भिजवून. यंदा पोरानं पाकिटातलं पेरलं."

पानं तर डीएनए काढायला मी केव्हाच कुटून टाकली होती. माझ्याकडे त्या कापसाचं अक्षर न् अक्षर होतं आणि दाणा एकही नव्हता. मी तिथेच रडले, लाज सोडून.

त्या जवळ आल्या. "शेणात एखांदा दाणा सापडन का, पोरी?"

"नाही, मावशी."

"या खेपेले नीट पाहून सांगून राहिली ना?"