अर्फा झोपली तो सोमवार

साताऱ्यात गोडोलीला पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत अर्फाचं ऑफिस होतं. एक टेबल, एक लॅपटॉप आणि खालून दिवसभर येणारी गिरणीची थरथर. तीन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून तिनं ‘ताटवाटी’ नावाचं अ‍ॅप काढलं. घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका एका बाजूला, घरच्या जेवणाला महाग झालेली माणसं दुसऱ्या बाजूला. सकाळी अ‍ॅपवर जेवण मागवायचं, बाईनं मागणी स्वीकारायची आणि दुपारी मुजीबभाईंच्या रिक्षातून डबा दारात.

ऐकायला सोपं होतं. पण बायका मागणी स्वीकारायच्याच नाहीत. फोन वाजल्यावर वीस मिनिटांत हिरवं बटण दाबलं नाही, तर मागणी आपोआप रद्द व्हायची. त्या वेळी कुणाचे हात पिठात, कुणाचा फोन लेकीबरोबर कॉलेजात, कुणाला बटण दाबलं की काहीतरी बिघडेल याची धास्ती. मग अर्फा एकेकीला फोन करून विचारायची आणि त्यांच्या वतीनं स्वतःच बटण दाबायची. सुरुवातीला चौघीच होत्या, तेव्हा त्यात गंमत होती. आता तेवीस जणी झाल्या होत्या. साडेसहाला सुरू झालेले फोन दहापर्यंत संपत नसत. तीन वर्षांत तिनं एकही सकाळ चुकवली नव्हती. ईदच्या सकाळीसुद्धा ती नव्या कपड्यांत फोनवर बसलेली असायची.

साताऱ्याला लागून असलेल्या करंजे गावातल्या बनुबाई त्या पहिल्या चौघींपैकी. साठी ओलांडलेली बाई, मुलगा वीरधवल फौजेत, तिकडं जम्मूला.

“बनुमावशी, आज नऊ डबे.”

“व्हय गं. म्हाईत हाय मला.”

रोज हेच उत्तर. अर्फा ‘हं’ म्हणून पुढचा नंबर लावायची.

रविवारी संध्याकाळी ती आईकडं रहिमतपूरला गेली. एसटीतच अंग कसकसत होतं. घरी पोचेपर्यंत ताप चढला. आईनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या, गोळी दिली. जाग आली तेव्हा अंगणातलं ऊन उंबऱ्यावरून मागं हटलं होतं आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

“अम्मी! फोन कुठाय माझा?”

“कपाटात. मीच बंद करून ठिवला.”

“काय केलंस हे! माणसं उपाशी बसली असतील.”

आईनं तिच्यापुढं पेजेची वाटी ठेवली. “एक दिवस न्हाई खाल्लं तर कुणी मरत न्हाई. आरशात तोंड बघ जरा आपलं.”

अर्फानं फोन सुरू केला. एकसष्ट मागण्या. त्यातल्या आठच हिरव्या, बाकी साऱ्या लाल, रद्द. पण बंद असताना फोन येऊन गेल्याचे मेसेज फक्त पाच. तिला काही समजेना. तिनं मुजीबभाईंना फोन लावला.

“डबे? पोचवले की,” मुजीबभाई म्हणाले. “रोजच्या दारात गेलो, भरून ठिवलेले हुते, उचलले. गिऱ्हाइकं रोजचीच. रस्ता काय मला तुज्या फोननं शिकवलाय व्हय?”

“सगळ्यांचे पोचले?”

“शाहूपुरीच्या शिवांजलीचे तेवढे ऱ्हायले. ती नवी, तिची गिऱ्हाइकंबी नवी. पत्त्यांची यादी तू धाडतीस, ती आलीच न्हाई. लय चिडलीय ती. आदी तिला गाठ.”

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. अर्फा बाजेच्या कडेला बसून राहिली. तीन वर्षांच्या सकाळी, आणि कुणाला त्यांची गरजच नव्हती. पेज निवून तिच्यावर साय धरली.

चारच्या एसटीनं ती साताऱ्याला आली आणि आधी शाहूपुरीला गेली. शिवांजलीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तिच्या मागं ओट्यावर आठ डबे रांगेत होते.

“ताई, तुमी शिकवलं तसं समदं केलं मी. बटणसुद्धा माझं मीच दाबलं. मोबाईल न बघणाऱ्यांचे डबे गेले आन माझेच ऱ्हायले.”

अर्फानं त्या डब्यांकडं पाहिलं. ज्या एकट्या बाईनं तिचं अ‍ॅप नीट वापरलं होतं, तिचंच अन्न वाया गेलं होतं. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “सगळं एकट्या माझ्यावर चालत होतं. मी आजारी पडले आणि थांबलं.”

शिवांजलीनं तिच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं आणि दारातून बाजूला झाली. “या. पाणी तरी घ्या.”

दिवेलागणीला अर्फा करंज्याला पोचली. बनुबाई ओसरीवर घेवडा निवडत बसल्या होत्या.

“मावशी, आज फोन आला नाही. मग नऊ डबे कशाच्या भरवशावर केले?”

“भरवसा कसला? नानासोंना तिखट चालत न्हाई, दवाखान्यातल्या नर्सबाईला एक भाकरी जास्त लागती. रोज तीच माणसं जेवत्यात. त्यात फोनचं काय काम?”

“मग रोज मी फोन करत होते, तेव्हा सांगितलं का नाही?”

बनुबाईंचे हात थांबले. “आगं, तू एवढी मन लावून करायचीस. कसं सांगू? आन मलाबी बरं वाटायचं. वीरधवलचा फोन येतोय आठ-पंधरा दिसांनी. तुजा रोज यायचा.”

अर्फाला हसावं की रडावं कळेना. “मी दमले मावशी,” एवढंच ती म्हणाली.

“दिसतंय की. दमल्यालं माणूस लपतंय व्हय? उद्यापासनं करू नगंस फोन.”

त्या आठवड्यात तिनं अ‍ॅप बदललं. रोजच्या गिऱ्हाइकाचा डबा आता ‘नको’ म्हणेपर्यंत चालू राहणार होता. बटण फक्त नव्या माणसांसाठी उरलं. पत्त्यांची यादी थेट मुजीबभाईंच्या फोनवर जायला लागली. नव्या बायकांना शिकवायचं काम शिवांजलीनं घेतलं. आधी ती नाहीच म्हणाली होती. दोन दिवसांनी तिचा फोन आला, “करते. पण माझ्या पद्धतीनं करणार.” तिघी जणी आपापली गिऱ्हाइकं घेऊन अ‍ॅपमधून बाहेर पडल्या. अर्फानं त्यांना परत बोलावलं नाही. बोलावण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं, आणि आता अ‍ॅपवाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

बदल सुरू झाला त्या सकाळी तिला सवयीनं साडेसहालाच जाग आली. फोन हातात घेतला, पण करायला काही नव्हतं. उठावंसं वाटेना, झोपही लागेना. साडेसातपर्यंत ती नुसती पडून राहिली. तिसऱ्या आठवड्यात मात्र एकदा आठपर्यंत झोप लागली.