माझी लाल बाजू

मी एक जुनी पेन्सिल आहे, मित्रांनो, एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात, मंजूषाच्या मराठी बायबलमध्ये माझा मुक्काम असतो. धर्मग्रंथात राहते म्हणून मला साध्वी समजू नका. मी डूख धरणारी आहे.

मंजूषाचे वडील दिनकर हे चर्चचे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक; त्यांनी मला जालन्याच्या दुकानातून आणलं. देवाच्या शिक्षेखाली लाल रेघ आणि वचनाखाली निळी, ही त्यांची रीत. पण त्यांना मेलं सगळीकडे वचनच दिसायचं. निळी बाजू झिजून नखाएवढी उरली आणि लाल नुसती शिवशिवत राहिली. ते गेल्यावर बायबल मंजूषाकडे आलं, त्यातून मीही आले.

गेल्या दिवाळीत माझा दिवस उजाडला. इथल्या मराठी मंडळींच्या फराळासाठी मंजूषाने करंज्या केल्या, घरी नाताळात करतात तशाच. फराळ मांडणाऱ्या मीनलताईंना तिच्या गळ्यातला क्रूस दिसला. "अगं, तू ख्रिश्चन ना? मग हा डबा बाजूला राहू दे. नैवेद्याचं आहे, गैरसमज नको हं," त्या हसून म्हणाल्या. डबा भरलेलाच घरी आला. हे तिने आईला फोनवर सांगितलं तेव्हा मी ऐकलं. रविवारी डच चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळे कॉफी घेऊन आपापल्या घोळक्यात, आणि ही एकटी खिडकीशी.

घरी येऊन तिने शत्रूंना शाप देणारं स्तोत्र उघडलं, मला टोक केलं आणि समासात लाल अक्षरांत लिहिलं, 'मीनल'. काय सांगू तो आनंद! मग रोज एक शाप, रोज एक रेघ. मी झिजत होते, पण खूश होते. मंजूषाचं मात्र जेवण सुटलं. नोकरी सोडून परत येते, असं ती आईला म्हणू लागली.

एकदा नवा शाप शोधताना नियमशास्त्राचं पान उघडलं. परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता, अशा अर्थाची ओळ. तिच्याखाली जुनी निळी रेघ, आणि शेजारी पाळकांचं अक्षर: 'आज विहिरीवरून हाकललं. देवाला ठाऊक आहे.'

ती रेघ माझीच. त्या दिवशी त्यांची घागर रिकामी परत आली होती. लाल बाजू वरच होती, तरी त्यांनी मला उलटं फिरवलं. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

"पप्पा, कधी बोलला नाहीत," मंजूषा म्हणाली आणि खूप रडली. मग तिनेही मला उलटं फिरवलं. खाली लिहिलं, 'हार्लेम. माझा डबा परत आला. देवाला ठाऊक आहे.' तेवढ्यात निळं संपलं.

पुढच्या रविवारी कॉफीच्या वेळी दाराशी एक नवखी बाई अवघडून उभी होती. मंजूषाने जाऊन तिच्यापुढे ताज्या करंज्यांचा डबा उघडला. परत जायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मीनलताईंचं नाव अजून समासात आहे, कारण माझं लाल खोडरबराने जात नाही. मला त्याचं समाधान आहे, खोटं कशाला बोलू? पण आता माझ्यात लालच उरलंय आणि मंजूषा मला हातात घेत नाही. मित्रांनो, टोक करण्याआधी पेन्सिल कोणत्या बाजूने धरली आहे ते बघत जा. मी काही आपणहून उलटणार नाही.